कस्तुराबाईचे कुटके

पंचशीलाबाईंनी निवृत्तीनंतर आत्मकथन लिहायला घेतलं, तेव्हा पहिलं वाक्य त्यांना शोधावं लागलं नाही. ते आयुष्यभर जिभेवरच होतं. ‘बहात्तरच्या दुष्काळात माझी माय भाकर मागायला जायची आणि तिचा पदर धरून मी जायची.’ एवढं लिहिलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. कारण नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही वाचत्या माणसाने ते वाक्य वाचलं असतं, तर तो म्हणाला असता, बाई, हे तर सरांचं आहे.

सर म्हणजे त्यांचे नवरे, आनंदराज. नांदेडच्या एका कॉलेजात ते मराठीचे प्राध्यापक होते. ‘नाकारलेली भाकर’ हे त्यांचं आत्मकथन येऊन वीसेक वर्षं झाली. पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं, पोरापोरींनी त्यावर प्रबंध लिहिले, भाकरीचं प्रकरण तर लोकांना पाठ झालं. दुष्काळात एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन परगावी भाकर मागायला जाते, ते हे प्रकरण. सर सभेत ते वाचून दाखवत तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे टिपत.

आता यातली गंमत अशी, की सरांनी जन्मात कधी कुणाच्या दारात भाकर मागितली नव्हती. त्यांच्या आईनेही नाही. सरांचे वडील लातूरला सरकारी कचेरीत कारकून होते. राहायला क्वार्टर, दारात नळ, मांडणीवर पितळेची भांडी. बहात्तर साली सर चौदा वर्षांचे होते आणि रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची, भाकर घशाखाली उतरत नाही म्हणून आईशी हुज्जत घालत होते. हे त्यांनीच लग्नानंतर हसत हसत सांगितलं होतं. भाकर मागणारी ती बाई पंचशीलाबाईंची आई होती आणि पदर धरणारं लेकरू मुलगा नव्हतं, मुलगी होती.

त्या मुलीचं गाव भोकर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. बाप ग्यानोबा हा शब्दाचा पक्का माणूस. धम्म घेतल्यावर त्याने गावकीची काठी चावडीपुढे नेऊन टाकली. मेलेलं जनावर ओढणार नाही, मर्तिकाची खबर घेऊन गावोगाव धावणार नाही आणि त्या कामाची म्हणून संध्याकाळी घरोघर मागायची भाकर, तीही मागणार नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं. गावानेही मग गावाला जमतं ते केलं. शेतातलं काम बंद केलं. ग्यानोबा वाकला नाही. दूरदूर जाऊन दगड फोडायचा, त्यावर घर चालायचं. पोरांना जेवताना सांगायचा, ह्या घरात मागितलेला घास येणार नाही.

दुष्काळ पडला आणि खडीच्या कामावर पहिल्याच उन्हाळ्यात ग्यानोबाच्या पायावर दगड आला. पाऊल चेचलं. तो घरात पडून राहिला. कस्तुराबाई एकटी खडी फोडायला जायची, पण तिच्या एकटीच्या मजुरीत आणि रेशनच्या मिलोत चार तोंडं भागत नव्हती. धाकटा रविकांत रडून रडून निपचित पडायला लागला, तेव्हा कस्तुराबाईने एक दिवस दिवेलागणीच्या आधी पंचशीलाला हाताला धरलं आणि सरपण आणते म्हणून ती निघाली. वाळलेला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी गेली, कारण तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. पोरीला बरोबर का घेतलं, तेही तिने वाटेत सांगितलं. एकट्या बाईला हाकलतात, लेकरू दिसलं की देणारीचा हात सैल होतो.

भाकर मिळायची. कधी ज्वारीची, बहुतेकदा मिलोची, वरून पदरात टाकलेली. पण खरी अडचण पुढेच होती. जितके हात तितक्या भाकरी. कस्तुराबाईची भाकर काठाला जाड, मधे पातळ आणि एका अंगाला तिच्या वाकड्या करंगळीचा दाब. ग्यानोबा ती न बघता नुसत्या हाताने ओळखायचा. परक्या बाईने थापलेली भाकर त्याच्या ताटात पडली असती, तर पहिल्याच घासाला सगळं उघडं पडलं असतं.

म्हणून परत येताना कस्तुराबाई ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसायची. मागून आणलेल्या सगळ्या भाकरी मांडीवर घ्यायची आणि एकेक मोडायची. अख्खी एक ठेवायची नाही. काठ, पापुद्रा, बोटांचे ठसे, कुणाच्या घरची काही खूण राहिली नाही असं बघून मग चुरा पदरात बांधायची. घरी आल्यावर मीठ-मिरचीच्या पाण्याला उकळी आणून त्यात तो टाकायची. कुटके. सकाळच्या आपल्याच भाकरी वाळल्या होत्या, त्यांचे केले, असं सांगायची. वाळल्या भाकरीचे कुटके गरिबाच्या घरी रोजच व्हायचे, त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. ग्यानोबा ते जेवायचा आणि जेवताना सांगायचा, अर्धपोटी राहू, पण कुणाच्या दारात उभं राहणार नाही. कस्तुराबाई मान खाली घालून पळी फिरवत राहायची. पंचशीलाला घास गिळवायचा नाही, पण गिळायची, कारण भूक होती.

‘तुझ्या बाला कळलं तर जेवायचा न्हाई अन् जगायचा बी न्हाई,’ माय ओढ्यात बसून म्हणाली होती. ‘मी मेले तरी कुणाला सांगू नगंस.’

पोरीने सांगितलं नाही. दुष्काळ सरला, ग्यानोबाचा पाय बरा झाला, पोरं शिकली. ग्यानोबा ताठ मानेने जगला आणि ताठ मानेने गेला. त्याच्यामागून कस्तुराबाईही गेली. ज्या स्वाभिमानासाठी त्या माणसाचं नाव निघायचं, तो एक उन्हाळाभर त्याच्या बायकोने चुरून शिजवून त्यालाच खाऊ घातला होता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

मग लग्न झालं. आनंदराज तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. माणूस बोलायला गोड, बायकोच्या नोकरीच्या आड न येणारा. पंचशीलाबाई नायगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. एका रविवारी दुपारी आनंदराज अर्धी भाकर ताटात टाकून उठले. भाजी आळणी होती म्हणे. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांचं दाबून ठेवलेलं तोंडातून निघालं. माय, ओढा, परगावची दारं, पदर. आनंदराज ऐकता ऐकता रडायला लागले. बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. असा नवरा कुणाच्या नशिबी येतो, असं त्यांना त्या दुपारी वाटलं. रडणाऱ्याला सावरायचं कामही त्यांच्याकडेच आलं आणि त्या गडबडीत कुटके सांगायचे राहून गेले. पुढे आनंदराजांनीही कधी विचारलं नाही. रडून झालं होतं, त्यांना तेवढं पुरलं.

किंवा पुरलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी पुस्तक आलं तेव्हा ते कळलं.

पंचशीलाबाईंनी ते स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून वाचलं. त्यांची माय त्यात होती, पण ती सरांची माय झाली होती. पदर धरणारी पोर पोरगा झाली होती. सरांचं बालपण लातूरच्या क्वार्टरमधून उठून आजीच्या खेड्यात गेलं होतं. आणि शेवटी, ओढ्याच्या काठावर, त्या बाईला स्वाभिमानाचे शब्द आठवतात आणि ती मागून आणलेली गोल अख्खी भाकर ओढ्यात भिरकावून देते. उपाशी लेकराचा हात धरून ताठ मानेने घरी जाते. प्रकरण संपतं.

त्या रात्रीपर्यंतही थांबल्या नाहीत. सर दारातून आत येत होते तेव्हाच विचारलं.

‘ही माझी माय हाय.’

सर जराही गडबडले नाहीत. चप्पल काढून नीट जागेवर ठेवली. तुझी काय न् माझी काय, म्हणाले, समाजाची माय एकच असते. आत्मकथन एकट्याचं नसतं, सगळ्यांचं असतं. मी फक्त लेखणी धरली.

‘मग फेकली कशाला?’

याचंही उत्तर तयार होतं. मागितलेली भाकर खाल्ली असं लिहिलं असतं, तर हसणारे हसले असते. आपल्या लोकांना ताठ उभं करायचं तर आई ताठ दाखवावी लागते.

‘तिनं फेकली असती तर मी मेले असते,’ पंचशीलाबाई म्हणाल्या.

सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि हे वाक्य फार चांगलं आहे असं म्हणाले. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य आलं. ‘आईने ती भाकर फेकली नसती, तर मी आतून मेलो असतो.’ लोकांना ते फार आवडलं. पुढे ते एका विहाराच्या भिंतीवर रंगवलेलंही पंचशीलाबाईंनी बघितलं.

पहिल्या आवृत्तीच्या वेळी खरा तमाशा केला तो सरांच्या आईने. गयाबाई लातूरला राहायच्या. कारकुनाची बायको, टापटिपीची, आपल्या भांड्याकुंड्यांचा भारी अभिमान. कुणीतरी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं तशा त्या बस धरून नांदेडला आल्या आणि लेकाला उभ्या उभ्या झाडलं. ‘म्या कवा भाकर मागितली रे? तुह्या बापाची सरकारी नोकरी व्हती. दारात आलेल्याला म्या भाकर देत व्हते, अन् तू मला मागती केलास?’ पंचशीलाबाईंना सासूचं इतकं कौतुक त्याआधी कधी वाटलं नव्हतं. वाटलं, निदान ही तरी सोडायची नाही.

पण निलंग्याच्या एका संस्थेने ‘आदर्श माता’ म्हणून गयाबाईंचा सत्कार ठेवला. साडी, शाल, फुलं, पेपरात फोटो. शेकडो माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती. गयाबाईंना आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पितळेची भांडी लखलखीत ठेवण्याबद्दल कोण सत्कार करतं? परत येताना त्या गाडीत गप्प होत्या. पुढच्या सत्काराला त्यांनी स्वतःहून नवी साडी काढली. तिसऱ्या वेळेला लेक ते प्रकरण वाचत असताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. शेजारी बसलेल्या पंचशीलाबाईंनी वाकून बघितलं. पाणी खरं होतं.

आणि सर? सर चोर असते तर बरं झालं असतं. चोराला चोरी आठवते. सरांना आता ओढा आठवत होता. एकदा टीव्हीवाल्यांशी बोलताना त्यांचा आवाज खरोखर फाटला. घरी आल्यावर चहा घेता घेता म्हणाले, आईचा पदर भुरकट निळा होता, मला अजून दिसतो. कस्तुराबाईचा पदर निळा नव्हता. तो दोन फाटक्या लुगड्यांचा जोडलेला होता, अर्धा हिरवा, अर्धा तांबडा. पंचशीलाबाईंनी रिकामा कप उचलून नेला. हेही सांगितलं तर सर हेही लिहितील, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी घरात स्वतःच्या लहानपणाचं एक अक्षर काढलं नाही. नवऱ्यापासून कुणी दागिने लपवतात, त्यांनी आठवणी लपवल्या.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. माय भाकर फेकणारी म्हणून साऱ्या मुलखात पोचली होती, आणि फेकणारी म्हणून जिची पूजा चालली होती ती आपली माय नव्हतीच. तिने जे केलं त्याची लाज तिला मरेपर्यंत वाटली, आणि पुस्तकाने ती लाज खरी ठरवली. मागून आणलेलं लेकराच्या तोंडात घातलं ते कमीपणाचं, भिरकावलं ते मोठेपणाचं. पंचशीलाबाईंना एवढंच हवं होतं, की कुठेतरी छापील पानावर कस्तुराबाईने, तिच्या स्वतःच्या नावाने, ती भाकर घरी आणावी.

त्यांनी लिहिलं. शाळा, बदल्या, नायगावकडची पावसाळ्यातली गळकी वर्गखोली, बाळंतपणं, सगळं लिहिलं. भाकरीचं प्रकरण पहिलं ठेवलं. कुटक्यांवर मात्र हात अडला. ते छापायला जाईल तेव्हाच शेवटच्या क्षणी घालू, म्हणजे आधी सरांच्या हाती लागणार नाही, असं ठरवून तेवढी जागा कोरी ठेवली. लातूरच्या चंद्रप्पा प्रकाशकाकडे घेऊन गेल्या. चंद्रप्पाचा छापखाना होता. गाईडं, प्रबंध, कवितासंग्रह, गौरवग्रंथ, जे येईल ते छापायचा. माणूस व्यवहाराचा होता, पण वाचणारा होता. आठवड्याने त्याने बोलावून घेतलं.

‘मॅडम, बाकी एक नंबर हाय,’ तो म्हणाला. ‘पण हे पहिलं प्रकरण सरांचं हाय. छापलं तर लोक तुम्हाला चोर म्हणतेत. अन् सरांनी तुमचं घेतलं म्हणून तुम्ही लिहिलं, तर सर चोर. मग आपल्याच लोकांच्या पुस्तकांवर थुंकायला टपून बसलेले हाईतच. त्येंच्या हातात आयतं कोलीत द्यायचं का?’

यातलं शेवटचं खोटं नव्हतं आणि तेच जास्त लागलं. एका पुस्तकात लबाडी सापडली, की साऱ्या समाजाच्या भुकेवर प्रश्नचिन्ह लावायला लोक तयार असतात, हे पंचशीलाबाईंनाही दिसत होतं. चंद्रप्पाने वर एक सल्लाही दिला. तुम्ही सरांवर लिहा. मोठ्या माणसाच्या बायकोने लिहिलेलं हातोहात जातं. ‘मी पाहिलेले सर’ असं नाव त्याने सुचवलंसुद्धा.

चंद्रप्पा म्हणाला होता, कुणी दुसरा साक्षीदार असेल तर बघा. म्हणून त्या भोकरला भावाकडे गेल्या. रविकांत एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त होऊन घरीच होता. बहिणीला बघून त्याला आनंद झाला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. बाईंनी हळूहळू विषय काढला. ओढा, परगाव, सरपणाचं निमित्त. तुला काही आठवतं का रे, आपण एक उन्हाळाभर रोज कुटके खाल्ले ते? रविकांत ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला.

‘अक्का, तू काय बोलून राहिलीस?’ तो म्हणाला. ‘हे दाजींचं हाय. म्या वाचून रडलो व्हतो. म्हणलं, आपण नशीबवान, आपल्या बानं उपाशी ठेवलं पण मागितलेला घास घरात येऊ दिला न्हाई.’

त्या घासावरच तू जगलास, असं त्यांनी सांगितलं. रविकांत उठून उभा राहिला. भिंतीवर ग्यानोबाचा हार घातलेला फोटो होता, गावच्या विहारातही तसाच लावला होता. त्याच्याकडे बोट करून त्याने एवढंच विचारलं, की दाजींच्या मायची बरोबरी करायला तुला आपली माय भिकारीण करायची हाय का. चहा आला, पण कुणी घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये पंचशीलाबाईंना हसू आलं, अगदी कडू हसू. कस्तुराबाईने भाकरी इतक्या बारीक चुरल्या होत्या, की जगात एकही तुकडा पुरावा म्हणून उरला नव्हता. ज्यांच्या पोटात ते गेलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला कळू नये म्हणून तिने जी खबरदारी घेतली, ती आता तिच्याच लेकीच्या आड आली होती.

एक माणूस मात्र असा निघाला की ज्याने विश्वास ठेवला. लेक धम्मप्रिया, लातूरला बँकेत अधिकारी. तिने सगळं वाचलं, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, मला पटतं आई, लहानपणापासून मला काहीतरी वाटतच होतं. पण बाबांचं वय बघ. एवढं सगळं उभं राहिलंय, ते आता पाडून काय मिळणार? भावाने विश्वास ठेवला नाही, त्यापेक्षा लेकीने विश्वास ठेवून असं म्हणावं हे पंचशीलाबाईंना जास्त जड गेलं.

शेवटी त्यांनी ते पहिलं प्रकरण काढून टाकलं. पण अर्पणपत्रिका बदलू देणार नाही असं चंद्रप्पाला बजावलं. कोऱ्या पानावर मधोमध एकच ओळ: ‘माझी आई कस्तुराबाई हिला, जिने भाकर फेकली नाही.’ चंद्रप्पाने ती वाचली, बाईंकडे बघितलं आणि गुपचूप छापली.

प्रकाशन समारंभ नांदेडला ठेवला. फ्लेक्सवर सरांचा फोटो मोठा, बाईंचा बाजूला. तसं का, तर सरांमुळे माणसं येतात. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर गयाबाई, अंगावर शाल, पंच्याऐंशीच्या पुढची म्हातारी पण ताठ बसलेली. लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. रविकांत आला होता, पण मागे भिंतीशी उभा राहिला.

सर बोलायला उठले. बायकोचं कौतुक केलं, खळखळून हसवलं. मग पुस्तक उघडून अर्पणपत्रिका वाचली. पंचशीलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. वाटलं, आता. इतक्या वर्षांनी हा माणूस आता या एका ओळीपाशी अडणार.

सर अडले नाहीत.

‘माझ्या आईने भाकर फेकली,’ ते म्हणाले, ‘आणि पंचशीलाच्या आईने फेकली नाही. परिस्थितीपुढे काही माणसं ताठ उभी राहतात, काही वाकतात. मित्रहो, वाकलेल्यांचाही आपण आदर करायला शिकलं पाहिजे. ही ओळ मला तेच शिकवते.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचा आवाज दाटून आला होता. त्यात एक कणही नाटक नव्हतं.

पंचशीलाबाईंचं मनोगत शेवटी होतं. लिहून आणलेला कागद त्यांनी पर्समध्येच ठेवला. माइकपुढे उभ्या राहिल्या आणि कधी सभेत बोलल्या नव्हत्या त्या बोलीत बोलल्या.

‘बहात्तरच्या दुष्काळात माझी माय भाकर मागायला जायची. तिचा पदर धरून मी जायची. आनंदराज नव्हते, मी व्हते. मायनं भाकर फेकली न्हाई. घरी आणली. आम्ही खाल्ली. मी खाल्ली, म्हणून मी हितं उभी हाय.’

पंचशीलाबाईंच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. झालं, माय, सांगितलं, असं त्या मनात म्हणत होत्या. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा तरुण प्राध्यापक पुढे आला. त्याचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, सरांचं दुःख मॅडमनी इतकं आपलं केलं आहे, की त्या सरांच्या जागी ‘मी’ म्हणून उभ्या राहिल्या. सरांनी जी भाकर नाकारली, ती आज त्यांनी सरांसाठी प्रतीकरूपाने खाल्ली. सहजीवन म्हणतात ते हेच.

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. सरांनी उठून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, फोटोवाल्यांनी फोटो काढले. धम्मप्रिया खाली बघत होती. भिंतीशी उभा असलेला रविकांतही टाळ्या वाजवत होता, जरा सुटल्यासारखा.

नंतर बाहेर चहा चालला होता. गयाबाई खुर्चीवरच बसून होत्या. त्यांनी सुनेला खूण करून बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं.

‘तुहीच माय व्हती ती,’ म्हातारी हळूच म्हणाली. ‘मला ठाव हाय. पहिल्यापसून ठाव हाय.’

अख्ख्या आयुष्यात हे वाक्य कुणी आपणहून म्हटलं नव्हतं. पंचशीलाबाईंचे डोळे भरून आले. सासूचा सुरकुतलेला हात त्यांनी धरला.

‘लोक मला इचारतेत गं,’ गयाबाई पुढे म्हणाल्या. ‘भाकर कसली व्हती, कुणी दिली, फेकली तवा लेकरू काय म्हणलं. पोरी येतेत, फोनवर बोलणं भरून घेतेत. मला काय सांगता येत न्हाई, नुसतं रडल्यासारखं करते. तू व्हतीस तिथं. जरा नीट सांग की मला, मंग मी बराबर सांगते.’

कोरडा ओढा, मांडीवरच्या भाकरी, मोडताना येणारा आवाज, अर्ध्या हिरव्या अर्ध्या तांबड्या पदरात बांधलेला चुरा, सगळं पंचशीलाबाईंच्या जिभेवर आलं. विचारणारं माणूस शेवटी भेटलं होतं. त्यांनी सासूचा हात सोडला.

‘आठवत न्हाई, आत्याबाई,’ त्या म्हणाल्या.

‘काईच न्हाई?’

‘काईच न्हाई. लहान व्हते मी.’

गयाबाई हिरमुसल्या. थोडा वेळ शालीच्या दशा चाळवत बसल्या. ‘बरं, मंग जवारीची व्हती म्हणून सांगते,’ त्या म्हणाल्या. ‘मिलोची म्हणलं तर बरं दिसत न्हाई.’

पंचशीलाबाईंनी मान डोलावली आणि म्हातारीला उठायला हात दिला. ती मिलोची होती. लाल, वाळून दगड झालेली, आणि मोडायला मायला दोन्ही हात लागायचे.